दुसऱ्या कडव्याआधीची नजर

आत्याचा तो व्हिडिओ ठमीने कापला, जोडला आणि गाजवला, हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं, कारण ठमी ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत असे. पस्तिशीच्या बाईला अजून ठमी म्हणता म्हणून ती कुरकुरायची, पण नाव काही सुटलं नाही. आईवडील नोकरीपायी कायम दूर, त्यामुळे ती लहानाची मोठी झाली आत्याकडे, आणि आत्या म्हणजे रॉक बँडची गायिका. इतर मुलं अंगाईवर झोपायची, ही ड्रमच्या तालमीत झोपायची. मोठेपणी तिने गाण्याऐवजी एडिटिंग धरलं, कारण तिच्या गळ्यात सूर नव्हता. हे आत्यानेच तिला तोंडावर सांगितलं होतं आणि लगेच एक जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवला होता.

आत्या साठीला टेकली होती. बँड मधली बरीच वर्षं बंद होता, तो गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सभागृहात पुन्हा उभा राहिला आणि त्या कार्यक्रमाचं चित्रण ठमीने अंगावर घेतलं. कॅमेरे चालवायला चार जाणते लोक मिळाले. पाचवा ऐनवेळी सापडला, तो लग्नांचं शूटिंग करणारा होता. त्याला सगळे लग्नवालाच म्हणत. त्याची खोड अशी की जे घडतंय ते सोडून तो बघणाऱ्यांचे चेहरे टिपत बसायचा, आणि गिटारवाला जीव तोडून वाजवत असताना याच्या कॅमेऱ्यात कोण? तर कडेला उभी राहून जांभई देणारी गिटारवाल्याची बहीण. ठमीने त्याचं चित्रण थोडंसं बघितलं, कपाळाला हात लावला आणि सगळं बाजूला टाकलं.

बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं दुसऱ्या कडव्याआधी थांबतं. सगळी वाद्यं एकदम बंद होतात. फक्त ड्रमर झांजेवर काडीचं टोक हळूच टेकवत राहतो, आणि हा थांबा किती लांबवायचा ते तो त्या दिवशीची गर्दी बघून ठरवतो. लोक श्वास रोखून उभे असतात. मग ड्रमचा दणका आणि आत्याचा पहिला शब्द एकाच क्षणी पडतात आणि सभागृह उसळतं. इतक्या वर्षांत तो शब्द कधी हुकला नव्हता. ड्रमरला बँडमध्ये घड्याळ म्हणत, आणि ठमीचे ते लहानपणापासून घड्याळकाका.

त्या दिवशी शब्द हुकला. दणका पडला, गिटार सुरू झाल्या आणि आत्या नुसती उभी राहिली. चेहरा कोरा. लोकांना गाणं तोंडपाठ होतं, त्यांनीच ती ओळ उचलली. तेवढ्यात आत्या भानावर आली, तिने माइक लोकांपुढे धरला आणि पुढच्या ओळीपासून स्वतः गाऊ लागली. सभागृहातल्या बहुतेकांना वाटलं, मुद्दामच केलं असेल. पण एडिटिंगच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाला असं गुंडाळता येत नाही. ठमीने तो कोरा चेहरा पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिला. वय झालं, आत्या शब्द विसरली, असं तिने आपल्या मनाशी धरून टाकलं. आत्याला विचारायचा धीर तिला झाला नाही.

मग तिने कात्री चालवली. कोऱ्या चेहऱ्याच्या जागी गर्दीवरून तरंगत येणारं क्रेनचं दृश्य लावलं, त्याला जोडून आत्याचं मिश्कील हसू, जे खरं तर दुसऱ्याच गाण्यातलं होतं, आणि मग तो पुढे केलेला माइक. चूक गेली आणि तिच्या जागी ऐट आली. जाता जाता ठमीने आणखी एक सफाई केली. गाताना आत्या अधूनमधून मान वळवून मागे बघायची, आणि तेव्हा पडद्यावर नुसती मान आणि केस दिसायचे. तशी सगळी दृश्यं ठमीने उडवली. आता आत्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभी होती.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. ज्या पोरांचा जन्मही बँड बंद पडल्यानंतरचा, ती पोरं तो माइक पुढे करण्याचा क्षण एकमेकांना पाठवू लागली. आत्याने तो घरी सोफ्यावर बसून एकदा पाहिला. शेवट झाल्यावर तिने ठमीचा गाल थोपटला, छान कापलंस म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. ठमीला ती शाबासकी वाटली आणि ती दोन दिवस हवेत होती.

त्या व्हिडिओमुळेच पुढचं सगळं घडलं. एका वाहिनीने मोठ्या मैदानात बँडचा कार्यक्रम ठरवला, आणि तोही थेट प्रक्षेपणाचा. जे होईल ते त्याच क्षणी घरोघरी दिसणार, मागून कापाकापीला वाव नाही. दिग्दर्शक म्हणून नेमलेला माणूस आयुष्यभर खेळांचे सामने दाखवत आलेला. गाणं म्हणजे त्याच्या लेखी चेंडू कुठे चाललाय तेवढंच. पण कामाचा पक्का आणि तोंडाचा फटकळ. त्याने ठमीला आपली सहायक म्हणून घेतलं, कारण प्रत्येक गाण्यातला प्रत्येक ठोका तिला माहीत होता. इतकं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं. दिग्दर्शकाने पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं की त्याला सगळ्यात जास्त काय हवंय तर तो दुसऱ्या कडव्याआधीचा क्षण.

जाहिरातीसाठी त्याने न वापरलेली काही दृश्यं मागितली, म्हणून ठमीने लग्नवाल्याचं चित्रण पुन्हा उघडलं. दुपारची वेळ होती, पडदे ओढलेले, हातात चहाचा कप. लग्नवाला रंगमंचाच्या कडेला उभा होता, त्यामुळे त्याच्या चौकटीत आत्या आणि घड्याळकाका दोघंही एकदम दिसत होते. ठमीने इतके दिवस आत्याला समोरून पाहिलं होतं. बाजूने तिने तिला पहिल्यांदा पाहिलं.

प्रत्येक ओळ उचलण्याआधी आत्या मागे बघत होती. घड्याळकाका डावा खांदा किंचित वर उचलत, आणि तो खाली आला की आत्या गाऊ लागे. पहिल्या गाण्यात तेच, दुसऱ्यात तेच, शेवटच्यातही तेच. ठमीने चहाचा कप बाजूला ठेवला आणि ते गाजलेलं गाणं लावलं. थांबा आला. आत्या वळली. त्याच वेळी चार जाणत्यांपैकी एक जण खांद्यावर कॅमेरा घेऊन घड्याळकाकांचा चेहरा जवळून घ्यायला पुढे सरसावला आणि त्याची रुंद पाठ दोघांच्या बरोबर मध्ये आली. आत्या डावीकडे झुकली, मग उजवीकडे. पाठ हलेना. दणका पडला. एवढ्या आवाजाने कडेला उभी असलेली गिटारवाल्याची बहीणसुद्धा दचकली, पण आत्याच्या डोळ्याचं पातंही लवलं नाही. थोड्या वेळाने तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं, जिथे लाकडी फळ्या थरथरू लागल्या होत्या. तेव्हा कुठे तिला कळलं की गाणं सुरू झालंय.

ती शब्द विसरली नव्हती. तिला दणका ऐकूच आला नव्हता.

मग घरातल्या एकेका गोष्टीचा उलगडा होत गेला. आत्या हाकेला ओ देत नाही, मोठी कलाकार ना, शिष्ट झाली, असं सगळे चेष्टेने म्हणायचे. ती फोन उचलायची नाही, मेसेज कर म्हणायची. जेवायला कायम अशा खुर्चीत बसायची की सगळ्यांची तोंडं दिसावीत, आणि ती खुर्ची कोणी घेतली तर रुसायची. ठमीने स्वतः त्यावर विनोद केले होते. आता त्यांची तिला लाज वाटली.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आत्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून ताटं पुसत होती. ठमी दारातच थांबली.

"आत्या, तुला ऐकू येत नाही ना?"

आत्या ताट पुसत राहिली. ते ठेवून तिने दुसरं उचललं, आणि मग तिला खिडकीच्या काचेत ठमी दिसली.

"मागे उभी राहून काय पुटपुटतेस? समोर येऊन बोल."

ठमी समोर गेली. पुन्हा विचारायची गरजच पडली नाही. माणसांचे चेहरे वाचून जगणारी बाई ती, तिने हातातलं ताट हळूच खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली.

डावा कान कधीचाच गेला होता. उजव्याला खोलीत एकटा माणूस समोर बसून बोलला तर कळायचं, पण गर्दीत नुसता गोंगाट उरायचा. डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं, ते रंगमंचावर लावलं की प्रत्येक ठोका कानात खिळा मारल्यासारखा लागायचा, म्हणून ते कपाटात पडून होतं. सूर तिच्या गळ्यात होता, इतक्या वर्षांत मुरलेला, तो कुठे जात नव्हता. ताल पायाखालच्या फळ्यांतून कळायचा. पण कुठे सुरुवात करायची ते फक्त घड्याळाच्या खांद्यावरून. हे घड्याळकाकांखेरीज कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांनी आजवर कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"कोणाला सांगायचं नाही," आत्या म्हणाली. "सांगितलंस तर काय होईल? लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. बिचारी, बहिरी असून गाते. मग माझं गाणं कोण ऐकेल?"

ठमीने वचन दिलं. तिला रडू येत होतं आणि आत्याला ते आवडत नाही हेही माहीत होतं, म्हणून तिने उरलेली ताटं पुसायला घेतली. आत्या म्हणाली की व्हिडिओतून आपलं मागे बघणं कापलं गेलेलं पाहून तिला आधी बरंच वाटलं होतं, आता कोणाच्या लक्षात यायचं नाही म्हणून.

पण ते कोणाच्या लक्षात यायचं नाही, हेच पुढे नडलं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने सगळ्या कॅमेरेवाल्यांना बोलावून फळ्यावर रंगमंच काढला. कडेने क्रेन, समोर दोन कॅमेरे, आणि मग त्याने लाल खडूने एक रेघ आडवी मारली, गायिका आणि ड्रमर यांच्या बरोबर मधून. इथे रूळ टाकायचे, त्यावरून कॅमेरा सरकत येणार आणि थांब्याच्या वेळी गायिकेच्या पाठीमागे येऊन उभा राहणार. तिच्या खांद्यावरून समोर हजारो लोक, आणि सगळे गप्प. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ठमी म्हणाली की गाणाऱ्याला वादकांकडे बघावं लागतं, मध्ये कॅमेरा नको. दिग्दर्शकाने खडू खाली ठेवला.

"तुझाच व्हिडिओ मी पाठ होईपर्यंत पाहिलाय. ती एकदाही मागे वळत नाही. म्हणून तर ही जागा निवडली."

ठमी काय सांगणार? तो व्हिडिओ म्हणजे कार्यक्रम नव्हे, कार्यक्रमातून मी काय काय काढून टाकलं त्याचं उरलेलं आहे? एरवी तिने हे हसत हसत सांगितलंही असतं. पण मग काय काढलं आणि का, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर तिने आत्याच्या ओट्यापाशी गहाण टाकलं होतं. जे तिने आत्याची लाज राखायला कापलं, त्याच्याच जोरावर हा माणूस आत्याला जगासमोर उघडं पाडायला निघाला होता, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. तिला स्वतःचाच संताप आला.

तिने घरी येऊन आत्याला आणि घड्याळकाकांना सांगितलं. काका म्हणाले, आपण थांबा मोजका करू, ठरलेले ठोके, म्हणजे बघायला नको. आत्याने साफ नकार दिला. मोजूनच थांबायचं तर गाणं कशाला, कवायतीची शिट्टी वाजवा, असं ती म्हणाली. काकांचाही आग्रह तेवढ्यापुरताच होता. त्या थांब्यासाठीच तर ते दोघं अजून वाजवत आणि गात होते.

मग ठमीने आपलं एकच हत्यार पुन्हा हातात घेतलं. तिने व्हिडिओ मोडला आणि नव्याने जोडायला बसली. लग्नवाल्याचं जे चित्रण तिने केराच्या टोपलीत घालायचं ठेवलं होतं, ते सगळं वर काढलं. कापून टाकलेली प्रत्येक मान वळवणारी नजर परत आणली. आत्या मागे बघते, काका तिच्याकडे बघतात, खांदा उचलला जातो, आत्या गाते. शेवटी थांब्यापाशी तिने दुसऱ्या गाण्यातली एक लांबलचक नजर आणून लावली. खोटं तेच होतं, फक्त आता ते आत्याच्या बाजूने उभं होतं. हे पाहून दिग्दर्शकाला खरं कळण्याचीही तेवढीच भीती होती.

दिग्दर्शकाने तो हाताची घडी घालून पाहिला. संपल्यावर तो खुर्चीत मागे रेलला आणि गालातल्या गालात हसत विचारू लागला, या दोघांचं हे किती वर्षं चाललंय? ठमीला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिने ना हो म्हटलं ना नाही, ती नुसती खाली बघत राहिली, आणि लाजणं म्हणून ते चांगलं खपलं. दिग्दर्शकाने उठून फळ्यावरची लाल रेघ पुसली. त्याला आता ही नजर हवी होती. कडेला एक कॅमेरा ठेवायचा, तिसरा नंबर, आणि त्याचं काम एकच, त्या दोघांची नजर. ठमीने तिथे लग्नवाल्याचं नाव सुचवलं.

आत्याला हे सांगितल्यावर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "बहिरी म्हणण्यापेक्षा भाळलेली म्हणोत," ती म्हणाली. घड्याळकाकांच्या बायकोच्या कानावरही गेलंच. तिने मुद्दाम मेसेज पाठवून कळवलं की खुशाल घेऊन जा, पण त्यांचे ड्रमही घेऊन जा, माझी एक खोली मोकळी होईल.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदानाच्या मागे प्रक्षेपणाची गाडी उभी होती. आत एका भिंतीवर छोटे छोटे पडदे, एकेका कॅमेऱ्याचा एकेक. त्यांच्यासमोर दिग्दर्शक आणि त्याच्या बाजूला ठमी. पुढचा ठोका कधी, पुढची ओळ कोणाची, हे तिने त्याला सांगत जायचं. तिच्यापुढे माइक होता आणि त्याला एक बटण, जे दाबलं की तिचा आवाज सगळ्या कॅमेरेवाल्यांच्या कानात जायचा. त्या बटणाला हात लावायचा नाही, असं दिग्दर्शकाने पहिल्या दिवशीच बजावलं होतं. एका गाडीत हुकूम एकाचाच चालतो, हे ठमीलाही पटत होतं.

अर्धा कार्यक्रम उत्तम झाला. प्रत्येक गाण्यात आत्या वळायची, खांदा उचलला जायचा, शब्द नेमका पडायचा. ठमी ठोके मोजत होती, आणि मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की आपण दात आवळून बसलो आहोत. बाहेर ऊन उतरलं, मैदानावरचे दिवे लागले आणि गाजलेलं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं गेलं, ध्रुवपद गेलं. एवढ्या मोठ्या मैदानात अचानक शांतता पसरली. झांजेवरचा काडीचा आवाज तेवढा राहिला.

"तीन, पुढे जा," दिग्दर्शक आपल्या माइकात म्हणाला. "डोळे हवेत मला. अजून पुढे."

लग्नवाला एक पाऊल पुढे सरकला. तिसऱ्या पडद्यावर घड्याळकाकांचा चेहरा मोठा झाला. दिग्दर्शकाने अजून पुढे म्हटलं आणि लग्नवाला हुकमाचा ताबेदार, तो आणखी पुढे गेला. ठमीची नजर पहिल्या पडद्यावर होती, जिथे सगळा रंगमंच दिसत होता. त्या पडद्यावर लग्नवाल्याची पाठ दोघांच्या मध्ये शिरली होती. आत्या वळली. ती डावीकडे झुकली. मग उजवीकडे.

ठमीने हे आधी पाहिलं होतं. तिने दिग्दर्शकाला सांगितलं, तीन मागे घ्या, आणि पुन्हा सांगितलं. त्याने हात झटकला. काडीचा आवाज चालूच होता. घड्याळकाका थांबा लांबवत होते, कारण त्यांनाही आत्या दिसत नसणार. गिटारवाले एकमेकांकडे बघू लागले. गर्दीत कुठेतरी चुळबुळ सुरू झाली. दिग्दर्शक मात्र खूश होता, काय ताणलंय म्हणत त्याने तिसरा कॅमेरा प्रक्षेपणावर घेतला. आता घरोघरी तेच दृश्य दिसत होतं. काका फार वेळ थांबू शकणार नव्हते, आणि त्यांनी काडी उचलली असती तर आत्या दुसऱ्यांदा तशीच उभी राहिली असती, या वेळी सगळ्या जगासमोर.

ठमीने बटण दाबलं.

"तीन, खाली बस. आत्ताच्या आत्ता."

लग्नवाला मटकन खाली बसला. कॅमेरा त्याच्या मांडीवर आपटला, आणि लाखो घरांतल्या पडद्यांवर फळ्या, एक काळी वायर आणि लग्नवाल्याचा धुळीने भरलेला बूट दिसू लागला. पहिल्या पडद्यावर आत्याची मान स्थिर झाली. खांदा उचलला गेला. दणका आणि शब्द एकदम पडले, असे की गाडीचा पत्रा थरथरला आणि बाहेर मैदान फुटल्यासारखं ओरडलं. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला, तो घरी बसलेल्या कोणी पाहिलाच नाही. त्यांनी तो फक्त ऐकला.

दिग्दर्शक ओरडून पहिल्या कॅमेऱ्यावर गेला. त्यानंतर शेवटच्या गाण्यापर्यंत ठमी मान खाली घालून ठोके सांगत राहिली. प्रक्षेपण संपल्याचा दिवा लागला तेव्हा त्याने हेडफोन काढून ठेवला, उठून उभा राहिला आणि तोंडाचा पट्टा सोडला. तिने त्याचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं दृश्य मातीत घातलं होतं. असल्या बाईला पुन्हा कोणत्याही गाडीत पाऊल टाकू देणार नाही, सगळ्यांना सांगेन, असं तो म्हणाला. गाडीतली बाकीची माणसं पडद्यांकडे बघत बसली.

मग त्याने आवाज खाली आणला आणि एकच कारण विचारलं. पटण्यासारखं असेल तर मी हे इथेच विसरेन, असंही म्हणाला.

ठमीला एका वाक्यात सुटता आलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. इतकी वर्षं धडपडून मिळालेलं काम डोळ्यांसमोरून चाललं होतं आणि तिला ते हवं होतं, फार हवं होतं.

"हात चुकून पडला," ती म्हणाली.

"चुकून? आणि खाली बस, तेही चुकून?"

तो पुन्हा पेटला. त्याची दाराकडे पाठ होती, म्हणून दार उघडलेलं त्याला कळलं नाही. दारात आत्या उभी होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, गळ्यात टॉवेल, मागे घड्याळकाका. तिला दिग्दर्शकाची फक्त पाठ दिसत होती. पण समोर ठमी होती, आणि ठमीचा चेहरा ती लहानपणापासून वाचत आली होती. ठमीने हळूच मान हलवली, नको म्हणून. काकांनीही आत्याचा दंड धरला. आत्याने तो सोडवला, गाडीत चढली आणि दिग्दर्शकाच्या खांद्यावर थाप मारली. तो बोलता बोलता वळला.

"तिला नका ओरडू, मला ओरडा," आत्या म्हणाली. "फक्त तोंड माझ्याकडे ठेवा. मला ऐकू येत नाही."